नमुना अयोग्य

मंगळवारी मी येते ओटीची बाटली घेऊन.
नळाखाली परीक्षानळी, एक थेंब, दोन थेंब.
पाणी पिवळं झालं की गाव पास.
गेल्या साली या गावाला हिरवं कार्ड मिळालं,
सरपंचांनी लॅमिनेट करून लावलंय
ऑफिसात, गणपतीच्या फोटोशेजारी.

आज पाणी पाण्यासारखंच राहिलं.
चिंधू झोले, पाणीवाला, टोपी हातात:
"सिस्टर, टीसीएल मी टाकलंच नाही.
एकदा वर येऊन बघा."

पदर खोचून चढले.
अंजनेरीचा डोंगर कमरेपर्यंत ढगात.
त्याने झाकण सरकवलं, बॅटरी मारली:
आतल्या लोखंडी पायरीला, पाण्यापासून हातभर वर,
मुठीएवढा फेस,
ताक घुसळताना रवीला राहतो तसा.
शेजारी भिंतीला ती.
फणसाच्या वाळल्या पानाचा रंग,
बोटांच्या टोकांना गोल चकत्या,
उजेडात डोळा मिटला नाही, फक्त बारीक झाला.

"रातभर मागच्या पायांनी घुसळलंय तिनं," चिंधू म्हणाला.
"आमच्या घरात यांना सुतार म्हणायचे.
नर बोलतो ना, कुणी फळी ठोकतंय असं वाटतं.
पूर्वी खाचराच्या बांधावर निरगुडीला लोंबायचे असे फेस.
बांध विकले. तिथं आता रिसॉर्ट,
निळ्या फरशीचा तलाव, त्यातबी औषध.
मग ती जाणार कुठं? आली टाकीवर."

मला नियम पाठ आहे.
हजार लिटरला पाच ग्रॅम.
आणि मला वडाच्या पाड्यावरची ती साथही पाठ आहे,
माझ्या मांडीवर हलकं हलकं होत गेलेलं पोर,
सलाईनची गाडी घाटात अडकलेली.
बेडकासाठी मी ते पोर विसरू शकत नाही.
मी चिंधूला तसं सांगितलं.
तो म्हणाला, "विसरू नका. चार दिवस द्या."

व्हॉल्व बंद केला.
नोंदवहीत लिहिलं: टाकी, दुरुस्ती.
एकोणीस वर्षांच्या नोकरीत हे पहिलं खोटं,
अक्षर मात्र नेहमीपेक्षा चांगलं आलं.

चार दिवस बाया हातपंपावर.
मथाबाई लचकेनं माझ्यासमोर हंडा आपटला:
"बेडकीचं बाळंतपण, अन् पाणी आम्ही वाहायचं?"
उत्तर नव्हतं. मी तिचा दुसरा हंडा उचलला.
अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "किती दिवस धरतात पोटात?"
म्हटलं, पोटात नाही, फेसात.
"तेच ते," म्हणाली.

चिंधूनं फेसाखाली घमेलं टांगलं,
दोरी शिडीला, आत पावसाचं पाणी अन् चार कुजकी पानं.
पाचव्या सकाळी फेस खालून ओला झाला, सैल झाला,
आणि थेंबांसारखे ते पडू लागले,
शेपटीवाले थेंब.
शाळेची पोरं त्रेसष्टपर्यंत मोजून भांडायला लागली.

घमेलं डोक्यावर घेऊन चिंधू जुन्या दगडखाणीच्या डबक्याशी गेला.
मग टाकी घासली, टीसीएल पडलं,
गाव पुन्हा पास.

पुढच्या मंगळवारी डबक्यावर खंड्या बसलेला,
पोट भरल्यासारखा.
पाण्यात दहा-बारा हललं असेल काही,
की माझीच सावली.
चिंधूनं काठावर निरगुडीच्या फांद्या खोचल्या होत्या.
लागतील का, विचारलं. त्यानं खांदे उडवले.

वर्ष झालं.
काल रात्री उपकेंद्राच्या न्हाणीघरात
कुणीतरी फळी ठोकत होतं.
टक. टक-टक.
बादलीमागे, भिंतीला चिकटून.
त्या त्रेसष्टातला की दुसराच, कसं कळणार?
माझ्या फॉर्मात त्याला रकाना नाही.
झाडूच्या टोकानं हलकेच सरकवला तेव्हा
त्यानं पाय लांबवला,
आणि मांडीच्या मागे दिसले ठिपके,
परीक्षानळीत मी दर मंगळवारी शोधते
त्याच पिवळ्या रंगाचे.